मापात पाप

पूर्वी बाजारपेठेच्या गावी एखाद्या वाण्याच्या दुकानात दोन पायल्या असत, असे जुनी माणसे सांगत. एक घेण्याची, दुसरी देण्याची. शेतकऱ्याचा जोंधळा घ्यायचा तो मोठ्या पायलीने आणि गिऱ्हाइकाला घालायचा तो लहान पायलीने. बाहेरून पाहाल तर दोन्ही सारख्याच. फरक असे तो बुडाशी. 'मापात पाप' हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग असल्याच व्यवहाराची आठवण धरून बसला आहे. पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. पायली, शेर, मण हळूहळू मागे पडले, किलो आणि लिटर आले आणि दुकानातल्या मापावर सरकारी शिक्का बसला.

धान्याची अशी सोय लागली. पण एक देश दुसऱ्याच्या किती पुढे आणि किती मागे हे ज्या पायलीने मोजतात, तिच्यावर शिक्का कोणी मारायचा? वर्तमानपत्र उघडावे तर एके दिवशी बातमी असते, की एकूण उत्पन्नात भारत जगातल्या पहिल्या पाच-सहा देशांत जाऊन बसला. वाचून छाती फुगते. थोड्याच दिवसांनी दुसरी बातमी येते, की मानव-विकासाच्या यादीत आपला नंबर पार खाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२३ सालासाठी केलेल्या यादीत १९३ देशांत भारत १३० वा होता. ही बातमी वाचून छाती पुन्हा पहिल्या मापावर येते. मौज अशी, की दोन्ही बातम्या खऱ्या! देश तोच, वर्षही जवळजवळ तेच. पायली तेवढी निराळी.

अर्थशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. मी मराठी शिकवणारा मनुष्य. पण शब्दांशी संसार करणाऱ्याला एक खोड जडते: एखादा शब्द फार वापरात आला की त्याच्या पोटात काय दडले आहे ते पाहिल्यावाचून चैन पडत नाही. 'विकास' हा तसलाच शब्द. मुळात तो कळीचा, फुलाचा. आज तो आकड्यांचा झाला आहे. हे आकडे कोणी काढले, कशासाठी काढले आणि त्यांतून कोण वगळले गेले, याची कथा एखाद्या कादंबरीइतकी रंगतदार आहे. आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईतच लिहिला गेला आहे.

दादाभाईंचे वीस रुपये

देशाचे उत्पन्न मोजण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात विल्यम पेटी नावाच्या गृहस्थाने १६६५ साली तसा हिशेब मांडला होता. ६० लाख लोक आणि त्यांचा वर्षाचा खर्च ४ कोटी पौंड, असा त्याचा अंदाज. त्यामागे लोकांच्या सुखदुःखाची चौकशी नव्हती. लढाईसाठी कर बसवायचा, तर तो कोणाला कितपत सोसेल हे राजाला कळावे, एवढाच हेतू. म्हणजे ही पायली जन्माला आली तीच मुळी घेण्याची पायली म्हणून.

तीच पायली उलटी धरून राज्यकर्त्यापुढे ठेवली ती दादाभाई नौरोजींनी. दादाभाई एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. राजकारणात गेल्यावरही त्यांनी गणित सोडले नाही. १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. सरकारचीच प्रांतवार पुस्तके घेऊन, पिकाखालची जमीन, एकरी उतारा आणि बाजारभाव यांचा गुणाकार करीत त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे १८६७ ते १८७० या काळातले उत्पन्न काढले. ते माणशी पडले वर्षाला २० रुपये.

एवढ्यावर ते थांबते, तर हा आकडा ग्रंथालयात धूळ खात पडला असता. दादाभाईंनी त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला: तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राला सरकारला किती खर्च येतो? तोही सरकारी अहवालातूनच घेतला. कितीतरी प्रांतांत तो खर्च या माणशी उत्पन्नाहून अधिक निघाला. गुन्हा करून तुरुंगात गेलेल्या माणसाला सरकार जेवढे देते, तेवढेही मोकळ्या रयतेच्या वाट्याला येत नाही, हे त्या दोन आकड्यांनी एकही कठोर शब्द न उच्चारता सांगितले. त्याच साली दक्षिणेत पाऊस फसला आणि १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ सुरू झाला.

सरकारला उत्तर देणे भाग पडले. १८८२ साली सरकारी अधिकाऱ्यांनी २७ रुपये काढले. १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपये सांगितले. त्याच साली विल्यम डिग्बी या इंग्रज गृहस्थांनी उलट २० च्याही खालचा आकडा मांडला. जमीन तीच, शेतकरी तेच. पण मोजणारा बदलला की उत्पन्न बदलले! हा वाद बेरजेचा मुळीच नव्हता. उत्पन्न वाढते आहे असे ठरले, तर दुष्काळाचा दोष पावसाच्या माथी मारता येत होता. ते वाढत नाही असे ठरले, तर इथली संपत्ती दरवर्षी विलायतेला वाहून जाते हे दादाभाईंचे म्हणणे खरे ठरत होते.

हे म्हणणे मराठी वाचकाला अगदी नवे नव्हते. रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन व तत्कालीन स्थितीवर १८४३ सालीच मराठीत पुस्तक लिहिले होते, आणि परदेशी व्यापाराने व राज्यकारभाराने इथले द्रव्य बाहेर कसे जाते याची चर्चा त्यात केली होती. लोकहितवादींनी १८४९ साली 'लक्ष्मीज्ञान' लिहून अर्थशास्त्र मराठीत आणले. दादाभाईंनी भर घातली ती आकड्यांची. माप आणि कारणमीमांसा या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या नसतात, हे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे. काय मोजायचे हे ठरवतानाच, कारण कुठे शोधायचे हेही निम्मे ठरून जाते.

घरातल्या लक्ष्मीचा हिशेब

आज जगभर चालते ती राष्ट्रीय उत्पन्नाची पद्धत मोठ्या मंदीच्या काळात घडली. अमेरिकेत कारखाने बंद पडले होते, माणसे भाकरीसाठी रांगा लावीत होती, आणि देशाचे नेमके किती नुकसान झाले हे सरकारला सांगता येत नव्हते. सायमन कुझ्नेट्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ साली सिनेटला हिशेब सादर केला: १९२९ ते १९३२ या तीन वर्षांत उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आले होते. याच कुझ्नेट्सने त्याच अहवालात बजावून ठेवले होते, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज करू नये. त्याला १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा आकडा जगाने डोक्यावर घेतला; त्याची सूचना मात्र अहवालातच राहिली.

ती सूचना किती मोलाची होती हे पाहायला फार दूर जायला नको. अर्थशास्त्रज्ञांत एक जुना विनोद आहे. एखाद्याने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले की देशाचे उत्पन्न घटते! कारण काल तिला पगार होता म्हणून तिचा स्वयंपाक हिशेबात धरला जाई. आज ती घरची झाली, आता तोच स्वयंपाक शून्य. विनोद म्हणून हे ठीक. पण आपल्याकडे २०१९ साली केंद्र सरकारने लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसातले सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होते. जे थोडे पुरुष घरकामाला हात लावीत होते, त्यांचे ९७ मिनिटे. रोजचे पाच तास राबायचे आणि देशाच्या वहीत त्याची नोंद शून्य! ज्या गावी नळ नाही तिथली बाई दोन कोसांवरून पाणी आणते, ते उत्पन्नात सहसा येत नाही. उद्या तेच पाणी टँकरवाल्याने विकले, की ते उत्पन्नात येते. गावाचे हाल तेच राहतात, देश मात्र श्रीमंत होतो.

दुसरी गोष्ट सरासरीची. दहा जणांच्या पंगतीत एकाच्या पानात वीस लाडू आणि बाकीच्या नवांची पाने रिकामी असली, तरी सरासरीने प्रत्येकाला दोन लाडू मिळतातच. दरडोई उत्पन्न हा आकडा असा पंगतीला वाढतो. तो खोटे बोलत नाही. पण कोणाचे पान रिकामे आहे हेही सांगत नाही.

रातोरात श्रीमंत झालेले देश

एकाच देशाचा हिशेब इतका अवघड, तर दोन देशांची तुलना किती अवघड असेल! पहिली अडचण नाण्याची. आपल्याकडे साध्या केशकर्तनालयात शंभर-सव्वाशे रुपयांत केस कापून होतात. न्यूयॉर्कात त्याच कामाला वीस-पंचवीस डॉलर सहज जातात. कात्री तशीच, केस तसेच, वेळही तेवढाच. पण बाजारातल्या दराने डॉलरचे रुपये केले, तर तिकडच्या न्हाव्याचे काम आपल्याकडच्या कामाच्या कितीतरी पट मोलाचे ठरते. म्हणून १९६८ साली पेन्सिल्व्हानिया विद्यापीठातले अर्विंग क्रॅव्हिस आणि त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या देशांतल्या वस्तूंचे आणि सेवांचे भाव गोळा करून, एका डॉलरची खरेदी इथे किती रुपयांत होते ते काढण्याचे काम हाती घेतले. या क्रयशक्तीच्या हिशेबाने भारताचे उत्पन्न बाजारदराने दिसते त्याच्या तिपटीहून अधिक भरते. यात लबाडी कोणाची नाही. पण परदेशातून खनिज तेल आणायचे, तर बाजारदराचाच डॉलर लागतो. आणि गावच्या बाजारातली भाजी घ्यायची, तर क्रयशक्तीचा. कोणत्या प्रश्नाला कोणते माप हे आधी ठरले पाहिजे.

दुसरी अडचण याहून मोठी. मोजणारे खाते कसे आहे? घाना या आफ्रिकेतल्या देशाने २०१० सालच्या नोव्हेंबरात आपल्या हिशेबाचे आधारवर्ष बदलले आणि देशाचे उत्पन्न एकदम ६० टक्क्यांनी वाढले. आदल्या दिवशी गरीब देशांत मोडणारा घाना दुसऱ्या दिवशी मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेला. २०१४ साली नायजेरियाने तेच केले. तिथला हिशेब १९९० सालच्या चौकटीवर चालला होता. त्या चौकटीत मोबाइल फोनचा धंदा नव्हता आणि तिथल्या भरभराटीच्या चित्रपटधंद्यालाही नीट जागा नव्हती. नवी चौकट बसवताच उत्पन्न ८९ टक्क्यांनी वाढले आणि दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून नायजेरिया आफ्रिकेत पहिला झाला. त्या रात्री लागोसच्या एकाही झोपडीत एक घास जास्त शिजला नव्हता.

गरीब देशांचीच अशी फजिती होते असे मात्र कोणी समजू नये. २०१५ साली आयर्लंडचे उत्पन्न एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढले. नवे कारखाने उगवले नव्हते, की बटाट्याचे पीक तिप्पट आले नव्हते. बड्या परदेशी कंपन्यांनी कराच्या सोयीसाठी आपले पेटंटचे व तत्सम हक्क कागदोपत्री आयर्लंडला आणून ठेवले होते, एवढेच. आयरिश लोकांनाच हा आकडा पाहून हसू आले. शेवटी २०१७ सालापासून तिथल्या सांख्यिकी खात्याने ही सूज वजा करणारे एक वेगळे मापच सुरू केले. सूज आणि बाळसे यांतला फरक आपल्या आज्यांना कळत होता. तो समजून घ्यायला सांख्यिकी खात्याला इतकी वर्षे लागली.

जम्मूत जन्मलेल्या माणसाची काठी

उत्पन्नाच्या मापाला जोडीदार शोधला तो महबूब उल हक यांनी. यांचा जन्म १९३४ साली जम्मूतला. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे झाले. केंब्रिजमध्ये अमर्त्य सेन त्यांचे सहाध्यायी आणि मित्र होते. पुढे हक पाकिस्तानच्या नियोजन मंडळाचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले. अयूबखानांच्या राजवटीत पाकिस्तानचे उत्पन्न झपाट्याने वाढत होते आणि परदेशी पाहुणे त्याचे कौतुक करीत होते. १९६८ साली याच हकसाहेबांनी जाहीर सांगितले, की देशातले दोनतृतीयांश उद्योग अवघ्या २२ घराण्यांच्या हातात आहेत. आपणच आखलेल्या योजनांची फळे कोणाच्या घरी गेली हे त्यांनी मोजून पाहिले होते.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमात असताना त्यांनी १९९० साली पहिला मानव-विकास अहवाल काढला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्ही गोष्टी शून्य ते एक या पट्टीवर आणून त्यांचा एक आकडा करायचा, अशी त्यांची योजना. सेन यांना ही कल्पना प्रथम पसंत नव्हती. माणसाच्या जिण्याचे सारे पैलू एका ओबडधोबड आकड्यात कोंबायचे हे त्यांना पटेना. हक यांचे उत्तर व्यवहारी होते: दरडोई उत्पन्नाचा आकडा जितका ओबडधोबड आहे तितकाच ओबडधोबड दुसरा आकडा समोर ठेवल्याशिवाय लोक उत्पन्नावरची नजर काढणार नाहीत. सेन यांनी अखेर हातभार लावला.

त्या पहिल्या अहवालात एक तुलना होती. श्रीलंकेचे दरडोई उत्पन्न ४०० डॉलर, आयुर्मान ७१ वर्षे, प्रौढ साक्षरता ८७ टक्के. ब्राझीलचे उत्पन्न २,०२० डॉलर, म्हणजे पाचपट; पण आयुर्मान ६५ आणि साक्षरता ७८ टक्के. सौदी अरेबियाचे उत्पन्न ६,२०० डॉलर, आयुर्मान ६४ आणि साक्षरता ५५ टक्के. पंधरापट श्रीमंत देशातला माणूस सात वर्षे आधी जातो, हे वाचल्यावर श्रीमंती कशाला म्हणावे हा प्रश्न कोणालाही पडावा.

या मापाचा दुसराही एक गुण आहे. १९९० साली भारत आणि चीन यांचे बाजारदराने काढलेले दरडोई उत्पन्न जवळजवळ सारखे होते; भारताचे थोडे जास्तच. ज्याच्या हाती फक्त उत्पन्नाची काठी होती, त्याला दोघे शेजारी खांद्याला खांदा लावून उभे दिसत होते. पण आयुर्मानाची काठी लावली असती तर दिसले असते, की १९८० च्या सुमारासच चिनी माणूस सरासरी साठीच्या पुष्कळ पुढे जात होता आणि भारतीय माणूस पंचावन्नाच्या आसपासच अडकला होता. १९९१ च्या शिरगणतीत आपली साक्षरता ५२ टक्के होती. चीनमध्ये प्रौढ साक्षरता तीनचतुर्थांशाच्या वर गेलेली होती. पुढच्या तीस वर्षांत चीनचे दरडोई उत्पन्न आपल्या पाचपटीच्या घरात गेले. कारखान्याला निरोगी आणि साक्षर हात लागतात. ते हात आधी तयार होते. मात्र त्याच चीनमध्ये १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली आणि ती बातमी दडपली गेली, हेही विसरून चालणार नाही. खरे बोलणारे वर्तमानपत्र आणि प्रश्न विचारणारा विरोधी पक्ष यांना या काठीवर खूणच नाही.

मागासलेले कोणामुळे?

अंतर मोजून झाले, की ते का पडले हा प्रश्न येतो. इथे भाषेचा एक खेळ ध्यानात घेण्यासारखा आहे. १९४९ सालच्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी शपथविधीच्या भाषणात 'अविकसित प्रदेशां'ना मदत करण्याची घोषणा केली आणि तेव्हापासून हा शब्द जगभर रूढ झाला. आपणही 'मागासलेले' हा शब्द उचलला. मागे आणि पुढे म्हटले की सारे एकाच रस्त्याने चालले आहेत, कोणी भरभर तर कोणी रेंगाळत, असे चित्र डोळ्यांपुढे येते. एकाने दुसऱ्याच्या खिशात हात घातला असेल, ही शंका त्या चित्रात मावत नाही.

एकोणिसाव्या शतकात तर रंग, रक्त आणि हवामान ही कारणे सर्रास सांगितली जात. माँतेस्क्यू या फ्रेंच पंडिताने १७४८ सालीच उष्ण हवेत माणूस आळशी होतो असे लिहून ठेवले होते. विषुववृत्ताला जवळजवळ टेकलेल्या सिंगापूरने १९६५ नंतर त्याला उत्तर दिले. आज तिथले दरडोई उत्पन्न त्याच्यावर राज्य केलेल्या ब्रिटनहून अधिक आहे. काहींनी धर्म आणि संस्कृती यांकडे बोट दाखवले. कन्फ्यूशियसच्या शिकवणीमुळे चीन-कोरियाकडचे लोक धंद्यात मागे पडतात असे पूर्वी विद्वान सांगत. ते लोक पुढे गेल्यावर त्याच शिकवणीमुळे ते पुढे गेले असे सांगू लागले! असले कारण पंचांगातल्या भविष्यासारखे असते. घडून गेल्यावर नेहमी बरोबर ठरते.

खरी परीक्षा घ्यायची तर एकसारखे दोन देश हवेत. इतिहासाने ती सोय एके ठिकाणी करून ठेवली आहे. १९४५ साली कोरियाची दोन शकले झाली. लोक तेच, भाषा तीच, पूर्वज तेच. किंबहुना जपान्यांनी उभारलेले मोठे कारखाने आणि वीजकेंद्रे बहुतेक उत्तरेत होती, दक्षिणेकडे भातशेती. १९५० ते १९५३ च्या युद्धाने दोन्हींची राखरांगोळी केली. १९७० च्या सुमारापर्यंत उत्तर कोरिया पुढेच होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज रात्री आकाशातून घेतलेल्या छायाचित्रात दक्षिण कोरिया दिव्यांनी लखलखतो आणि उत्तरेत राजधानीच्या ठिपक्यापलीकडे काळोख दिसतो. उत्तर कोरिया आपले आकडे जगाला देत नाही. दिवे मोजूनच त्याचा अंदाज करावा लागतो.

यावरून 'बाजार मोकळा सोडा, सगळे ठीक होईल' असा धडा काढणारे उतावळे असतात. दक्षिण कोरियाने आधी १९४९-५० साली जमीनदारी मोडून कुळांना जमिनी दिल्या, घरोघरी शाळा पोहोचवली, १९६२ पासून पंचवार्षिक योजना आखल्या, कारखानदारांना सवलती दिल्या आणि बदल्यात निर्यात वसूल केली. अमेरिकेची मदत होती, आणि १९८७ पर्यंत लष्करी हुकूमशाहीची दडपशाहीही होती. एकाच कारणाची पुडी बांधून देणाऱ्या वैदूपासून सावध राहिलेलेच बरे.

दुसरी जोडी एकाच बेटावरची. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाच्या पश्चिमेला हैती, पूर्वेला डोमिनिकन प्रजासत्ताक. हैतीतल्या गुलामांनी बंड करून १८०४ साली फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळवले. १८२५ साली फ्रान्सने लढाऊ जहाजे पाठवून मागणी केली, की आमच्या मळेवाल्यांचे नुकसान झाले, त्याबद्दल १५ कोटी फ्रँक भरा. म्हणजे गुलामाने स्वतःच्या सुटकेचे पैसे मालकाला द्यायचे! पुढे १८३८ साली रक्कम ९ कोटींवर आणली. ती भरायला काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला १९४७ साली. पुढची हुकूमशाही आणि उजाड झालेली राने ही कारणेही आहेतच. पण शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या घराची मिळकत सावकाराकडे गेली, त्याला 'तू मागे का राहिलास?' असे विचारणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. दादाभाईंना हे नाते चटकन ओळखू आले असते.

तिसरे उदाहरण आशेचे. बोत्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा साऱ्या देशात १२ किलोमीटर पक्की सडक होती आणि पदवीधर होते २२. दुसऱ्याच वर्षी हिरे सापडले. हिरे सिएरा लिओनमध्येही होते. तिथे त्यांच्यापायी पेटलेले यादवी युद्ध १९९१ ते २००२ पर्यंत जळत राहिले. बोत्स्वानाचे पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांनी खाणींचे हक्क एका जमातीकडे न ठेवता राष्ट्राचे केले, आणि तो पैसा शाळा, सडका आणि दवाखाने यांत गेला. जमिनीखालचा हिरा सारखाच; वरची व्यवस्था निराळी. डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना २०२४ चे नोबेल मिळाले ते अशा व्यवस्थांचा, त्या कोठून आल्या आणि त्यांचे परिणाम काय झाले याचा अभ्यास केल्याबद्दल. तरीही बोत्स्वानाची कथा सरळ नाही. एड्सच्या साथीने २००० च्या सुमारास तिथले आयुर्मान पन्नाशीच्या आसपास घसरले. उत्पन्न चढत असताना आयुष्य उतरत होते. एकच काठी हाती असलेल्याला हे दिसलेच नसते.

पानात काय पडले?

या साऱ्यातून माझ्यासारख्या सामान्य वाचकाने घ्यायचे काय? माझ्या मते, पुण्यात १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी ज्या रीतीने प्रश्न विचारला ती रीत घ्यावी. देशाचे उत्पन्न वाढले की नाही हा वाद बाजूला ठेवून त्यांनी विचारले, की दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न किती जणांना परवडते? १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्चाची रेषा त्यांनी आखली. खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक तिच्या खाली निघाले. त्यांच्या रेषेवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण सरासरीच्या पंगतीतून उठून, रिकामी पाने मोजायला ते गेले. शंभर वर्षांपूर्वी कैद्याची शिधा मोजणारे दादाभाई त्याच वाटेने गेले होते.

ही वाट सोडली, तर दोन खड्डे ठरलेले. एक फुशारकीचा: एकूण उत्पन्नात आपण कितवे याचे ढोल वाजवायचे आणि पाने रिकामी आहेत असे म्हणणाऱ्याला देशाचा शत्रू ठरवायचे. दुसरा न्यूनगंडाचा: आपले रक्तच असे, आपले लोकच असे, म्हणून हात झटकायचे. दोन्हींचा उगम एकच, मापाची चौकशी न करता आकडा गिळणे. १९५१ साली या देशात शंभरांपैकी १८ माणसांना लिहितावाचता येत होते आणि सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या वर गेले आहे. आपले रक्त काही या काळात बदलले नाही. दवाखाने, लशी, शाळा आणि शिधावाटप यांनी हा फरक पडला. ज्या ठिकाणी त्या गोष्टी पोहोचल्या नाहीत, तिथे तो पडलेला नाही.

म्हणून पुढल्या वेळी यादीची बातमी आली की क्रमांक वाचण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ही पायली कोणाची, घेण्याची की देण्याची? तिच्यात मावले नाही ते काय: चुलीपुढचे पाच तास, पाण्याचा हंडा, की छापता न आलेली बातमी? आणि सरासरीच्या खाली जी माणसे राहिली, ती कोणत्या जिल्ह्यातली, कोणत्या वस्तीतली? ही उत्तरे ज्या बातमीत नसतील, तिच्यातला क्रमांक पहिला असो की एकशेतिसावा, तो वाचून फुगण्याचेही कारण नाही आणि खचण्याचेही नाही. मापाचे बूड तपासून घेण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क वजनमापांच्या कायद्याने आपल्याला धान्याच्या दुकानात दिला आहे. देशाच्या हिशेबात तो आपला आपणच बजावायचा आहे.